तालमीच्या जर्सीचा रंग बदलायचा घाट घातलाय, रविवारी मीटिंग आहे, काय बोलू?

चॉकलेटी_विंग

नमस्कार मंडळी, जरा लांबडं लिहितोय, सांभाळून घ्या. आमची कोल्हापूरची तालीम, तिची फुटबॉल टीम आहे, पण तालमीचं नाव घेत नाही. पाटाकडील, खंडोबा, प्रॅक्टिस, दिलबहार असल्या मोठ्या टीमांपैकी आम्ही नव्हं एवढं सांगतो, खालच्या गटात खेळतो, कधी चढतो कधी उतरतो. जर्सी चॉकलेटी आणि पिवळी, माझ्या जन्माच्या आधीपासनं. तालमीच्या दारावरची पाटी त्याच रंगात, गणपतीच्या पताका त्याच रंगात, शाहू स्टेडियमला आमची पोरं बसतात तिथं चॉकलेटी टॉवेल फिरवतात. लोक चिडवायचे "कॅडबरी आली रं" म्हणून, आधी राग यायचा, आता आम्हीच पोस्टरवर कॅडबरी लिहितो.

आता झालंय असं, यंदा स्पॉन्सर मिळालाय. सगळा सीझन उचलतो म्हणतोय, म्हणजे किटचे दोन सेट, बूट, बाहेरच्या दोन प्लेअरचा खर्च, मॅचनंतरचं जेवण, सगळं. अट एकच, जर्सी त्याच्या शोरूमच्या रंगात पाहिजे, निऑन हिरवा आणि काळा. नुसता लोगो छापतो म्हटलं तर नको म्हणतोय, कारण "लांबनं फोटो बघितला तरी आपली टीम कळली पाहिजे". आपली म्हणजे कुणाची ते त्यानं सांगितलं नाही.

तालमीत दोन पार्ट्या झाल्यात. पोरं म्हणतात रंगात काय हाय, बूट फाटल्यात, गेल्या वर्षी लेफ्ट बॅकनं फेविक्विक लावून सेमी खेळली. म्हातारी माणसं म्हणतात रंग सोडला तर आम्ही स्टेडियमची पायरी चढणार नाही. मी मधी लटकलोय. माझे वडील राइट बॅक खेळायचे. त्यांची जर्सी अजून ट्रंकेत आहे, कॉलरची, पाठीवर ४ नंबर पांढऱ्या कापडाचा, तो आईनं हातानं टाचलाय, लग्नाच्या पहिल्या वर्षी. त्यांना हे सांगितलं तर काही बोलले नाहीत, उठले, ट्रंक उघडली, जर्सी काढून कॉलर बघितली, घडी घालून परत ठेवली आणि म्हणाले "चहा टाक."

रविवारी रात्री ९ ला मीटिंग आहे. मला बोलायला लावणार हे नक्की, कारण मी जरा वाचणारा म्हणून बदनाम आहे. "आमच्या भावना" एवढंच बोललो तर अध्यक्ष म्हणणार भावनेवर बूट येत नाहीत. जगात कुठल्या क्लबांनी असा रंग बदललाय का, मग काय झालं, दोन्ही बाजूंचं सांगा. नुसतं नाद खुळा, जगात भारी असलं लिहू नका, प्लीज.

रंकाळा_बॅक

नाद खुळा. (बरं थांब, लिहितो.)

भावा, तुला लागणारी केस कार्डिफ सिटी. वेल्समधला क्लब, शंभर वर्षं निळ्या जर्सीत, टोपणनावच ब्लूबर्ड्स. मलेशियाचा व्हिन्सेंट टॅन मालक झाला, आणि २०१२ ला यानं ठरवलं जर्सी लाल करायची, आशियात लाल रंग शुभ मानतात, तिकडं जर्सी खपतील म्हणून. बिल्ल्यावरचा निळा पक्षी बारीक करून खाली टाकला आणि वर मोठा लाल ड्रॅगन. मे महिन्यात बातमी फुटली तेव्हा एवढा आरडाओरडा झाला की आधी माघार घेतली, आणि महिन्याभरात, जूनमध्ये, परत आणलीच.

आता ऐक, मजा इथं आहे. त्याच पहिल्या लाल सीझनला, २०१२-१३ ला, ते चॅम्पियनशिप, म्हणजे तिथली दुसरी डिव्हिजन, जिंकून प्रीमियर लीगमध्ये गेले, ५१ वर्षांनी पहिल्या डिव्हिजनमध्ये. म्हणजे ज्या गोष्टीची अख्खा गाव वाट बघत होता ती आली, पण नको त्या रंगात. तिथली माणसं स्टँडमध्ये निळे मफलर घालून लाल टीमला टाळ्या वाजवत होती. मी तो फोटो बघितलाय आणि खरं सांगतो मला कसंतरीच झालं, लग्न आपलं आणि फेटा दुसऱ्याचा असं काहीतरी.

पुढच्याच वर्षी खाली आले. मग गर्दी कमी व्हायला लागली, आणि जानेवारी २०१५ ला टॅननं हात टेकले, जर्सी परत निळी. कारण काय दिलं माहिताय? त्याच्या आईनं त्याला एकोप्याचं महत्त्व समजावून सांगितलं म्हणे. स्वतः बोललाय तो. त्यामुळं स्पॉन्सरची आई कुठं राहते ते आधी बघ.

आणि तुझ्यासाठी बोनस: हा क्लब १८९९ ला रिव्हरसाइड नावानं सुरू झाला तेव्हा त्यांची जर्सी चॉकलेटी आणि अंबर होती. अंबर म्हणजे गडद पिवळाच की. निळा नंतर आला.

चॉकलेटी_विंग

थांब थांब, चॉकलेटी पिवळा?? हे मी मीटिंगच्या सुरवातीलाच सांगणार.

रंकाळा_बॅक

सांग, पण लगेच कुणीतरी म्हणंल की बघा त्यांनी पण चॉकलेटी सोडलाच नव्हं. तयारीत रहा.

पिवळा_ब्राझील

रंग बदलणं म्हणजे पाप असं असतं तर आमची ब्राझीलची टीम जन्मालाच आली नसती. आपल्याकडं वर्ल्डकपला निम्मं कोल्हापूर पिवळं होतं, पण १९५० च्या सुमाराला ब्राझील पांढऱ्या जर्सीत खेळायचं, निळी कॉलर. १९५० ला घरच्या मैदानावर, मारकानात, उरुग्वेकडनं २-१ हरले आणि अख्खा देश सुतकात. मग लोकांचं म्हणणं आलं की ह्या पांढऱ्यात देशाचं काहीच दिसत नाही, मग १९५३ ला तिथल्या एका पेपरनं स्पर्धाच काढली, अट एकच, झेंड्यातले चारही रंग, हिरवा पिवळा निळा पांढरा, किटमध्ये आले पाहिजेत. जिंकला कोण, आल्दिर गार्सिया श्ली नावाचा विशीच्या आतला पोरगा, बॉर्डरवरच्या गावचा. पिवळा शर्ट, हिरवी कॉलर, निळी चड्डी, पांढरे मोजे. १९५४ पासनं तेच. आणि हा श्ली स्वतः उरुग्वेचा सपोर्टर होता! आपल्याकडं असं झालं असतं तर दुसऱ्या पेठेचा माणूस म्हणून त्याला चौकात उभा केला नसता.

अजून एक. १९५८ ची फायनल स्वीडनशी, त्यांची पण पिवळी. ब्राझीलकडं दुसरा सेटच नव्हता, स्टॉकहोममध्ये दुकानातनं निळे शर्ट आणले आणि पिवळ्या जर्सीवरचे बिल्ले काढून त्याच्यावर शिवले. खेळाडू हबकले होते, तर टीमबरोबरच्या मोठ्या माणसानं सांगितलं की निळा आपल्या देवीच्या शालूचा रंग आहे, घाबरू नका. ५-२ जिंकले. म्हणजे चॉकलेटी नसला तर देव कोपतो असं काही नाही.

आणि उलटं पण सांगतो. २०२५ ला बातमी फुटली की पुढच्या वर्ल्डकपला ब्राझीलची दुसरी जर्सी लाल येणार. झेंड्यात लाल आहे कुठं? एवढी बोंब झाली की फेडरेशनला सांगावं लागलं, फिरणारे फोटो अधिकृत नव्हेत. पिवळ्याला हातही लावला नव्हता, तरी.

दहा_नंबर_आकाशी

पोस्ट जर्सीची, पण ब्राझीलवाल्यांनी वर्ल्डकप घुसवलाच.

पिवळा_ब्राझील

तुमच्या चौकातला मेस्सीचा कटआउट उतरवा आधी, वारं सुटलं की लाइटच्या तारेवर झुकतोय.

सेक्रेटरी_होतो_कधीतरी

मी कडू बोलणार आहे. सात वर्षं एका टीमचा हिशेब बघितलाय, मला कुणी रंगाचं सांगू नका. सीझन चालू व्हायच्या आधी वर्गणीचं पुस्तक घेऊन फिरायचं, दुकानदार आत जाऊन बसतो आणि पोरगं सांगतं "पप्पा न्हाईत". त्याच दुकानदाराचा फायनलला फोन येतो, चार पास ठेव. प्रॅक्टिसला सकाळी पोरं येतात ती उपाशी, त्यांना केळी-अंडी द्यायची म्हटलं तरी महिन्याचं गणित होतं. एखाद्याचा गुडघा गेला तर एमआरआयचे पैसे कोण भरतंय, चॉकलेटी रंग भरतोय का?

आणि मोठमोठ्यांनी रंग बदललाय की. लिव्हरपूल बघा, शर्ट लाल, चड्डी पांढरी असायची. १९६४ ला मॅनेजर बिल शँकलीनं रॉन येट्स नावाच्या धिप्पाड सेंटर हाफला लाल चड्डी घालून बघितली, म्हणाला सात फुटी दिसतोस, अँडरलेक्टच्या मॅचला उतरवली, मग मोजे पण लाल. आज कुणाला पांढरी चड्डी आठवत्या? लीड्स निळ्या पिवळ्यात खेळायचं, डॉन रेव्ही मॅनेजर झाला १९६१ ला, रिअल माद्रिदसारखं दिसायचं म्हणून सगळं पांढरं केलं. पुढं दहा-बारा वर्षं इंग्लंडात त्यांचा दरारा. कोव्हेंट्रीनं १९६२ ला आकाशी घेतला, आज त्यांचं नावच स्काय ब्लूज. म्हणजे जी परंपरा परंपरा म्हणता ती बऱ्याच वेळा कुणीतरी एकानं एका दुपारी ठरवलेली असते.

मला एक सांग चॉकलेटी_विंग, तुमचा चॉकलेटी आला कुठनं?

चॉकलेटी_विंग

दादा, इथंच पकडलं तुम्ही. वडिलांना विचारलं. पहिला सेट शिवायचा होता, पैसे नव्हते, ओळखीच्या कापड दुकानात शाळेच्या युनिफॉर्मच्या पँटीचा चॉकलेटी तागा पडून होता, शाळेनं रंग बदलल्यामुळं खपत नव्हता, तो मालकानं निम्म्यात दिला. अंगाला बोचायचं म्हणे, आणि पावसात एक मॅच झाली तर रंग उतरून सगळ्यांच्या पांढऱ्या चड्ड्या चहात बुडवल्यासारख्या. पिवळी कॉलर का, तर चॉकलेटी कापड कॉलरीला पुरलं नाही.

सेक्रेटरी_होतो_कधीतरी

झालं तर मग. तुमचा पवित्र रंग पण पैशाच्या अडचणीतनंच आलाय. तेव्हा कापडवाल्याचा तागा, आता शोरूमवाल्याचा निऑन. फरक काय?

स्टँडवरचा_आजा

फरक हाय. तवा अडचन तालमीची हुती आनि रंग पन तालमीनंच ठरविला. कापडवाल्यानं तागा दिला, त्यानं आपल्या दुकानाची पाटी न्हाई चिकटवली पोरांच्या छातीवर. आता अडचन पोरांची आनि रंग दुसऱ्याचा.

मी १९७० च्या आसपासपासनं स्टेडियमला जातोय, नातू टाइप करतोय, चुकलं माकलं तर त्याचं. लांबनं चेंडू दिसत न्हाई आता मला. नंबर तर न्हाईच दिसत. पन रंग दिसतोय. कोन चढतंय, कोन मागं आलंय, ते मला रंगावरनं कळतंय. पोरं बदलत्यात, पाच वर्सांनी एक पन जुना नसतोय, बाहेरचं प्लेअर तर सीझन संपला की गेलं. मग मी कुनाला ओरडतोय? रंगालाच ओरडतोय की. त्यो बी बदलला तर मग मी घरात बसून टीव्ही बघीन, तिथं तर नाव बी लिहून येतंय.

रंकाळा_बॅक

आजा 🙏

सेक्रेटरी_होतो_कधीतरी

आजा, तुमच्यापुढं काय बोलणार. पण मोजकंच बोलतो, शँकली आणि रेव्ही बाहेरचे नव्हते हे मान्य, क्लबचेच मॅनेजर होते. तेवढा मुद्दा तुमचा. पैशाचा मुद्दा माझा, तो अजून तसाच आहे.

गंगावेस_टू_कोलकाता

नोकरीमुळं चार वर्षं कोलकात्यात काढली, तिथलं सांगतो कारण तुमची केस युरोपपेक्षा त्यांच्याजवळची आहे. मोहन बागान, १८८९ चा क्लब, हिरवा आणि मरून. १९११ ला अनवाणी खेळून ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ हरवून आयएफए शील्ड जिंकली, ती टीम. २०२० ला आयएसएलमध्ये, म्हणजे देशातल्या मोठ्या लीगमध्ये, जाण्यासाठी एटीके ह्या तिथल्याच दुसऱ्या क्लबबरोबर एक झाले. आता बघा, रंग तसाच ठेवला, हिरवा-मरूनच, नावेचा बिल्ला पण ठेवला. पण नावात पुढं एटीके लागलं, आणि आधी तर जर्सीवर एटीकेनं जिंकलेल्या लीगचे स्टार पण टाकले होते. पब्लिक पेटली. जे आपण जिंकलं नाही ते आपल्या छातीवर कशाला, असं साधं म्हणणं. तीन वर्षं 'रिमूव्ह एटीके' चाललं होतं, बॅनर, मोर्चे, चहाच्या टपरीवर दुसरा विषय नाही. माझ्या ऑफिसमधला एक दादा टीम जिंकली तरी पेपरमधला एटीके शब्द पेनानं खोडून मग वाचायचा, रोज, अगदी शांतपणे. २०२३ ला आयएसएल जिंकले आणि त्याच रात्री मालकानं जाहीर केलं की एटीके काढतो, मोहन बागान सुपर जायंट करतो. म्हणजे सुपर जायंट घुसलंच, पण मागं लागलं, पुढं नाही. दादा म्हणाला निम्मं काम झालं.

माझा मुद्दा असा की मालकानं पैसे घातलेच की, ते कुणी नाकारलं नाही. भांडण पैसे घ्यायचे का नाही हे नव्हतंच. पैसेवाल्यानं कुठं बसायचं ह्याचं होतं. जेवायला बोलावलंय म्हणून देवघरात चप्पल घालून चालतंय का?

टेलरचा_पोरगा

भावना बाजूला, मी किट शिवतो आणि छापतो, माझं ऐक, हे मीटिंगला उपयोगी पडंल.

आता सगळं सब्लिमेशनमध्ये होतं, पांढऱ्या पॉलिस्टरवर कागदावरनं उष्णतेनं रंग चढवायचा. साध्या चार रंगांच्या शाईत निऑन येतच नाही. स्क्रीनवर डोळे दिपतात आणि कापडावर पोपटी येतो. खरा निऑन पाहिजे तर फ्लोरोसंट शाई वेगळी घालावी लागते, खर्च वाढतो, आणि ती उन्हात टिकत नाही. आपल्या मॅच दुपारच्या उन्हात, वर पोरं जर्सी गच्चीवर वाळत घालणार, सीझन संपेपर्यंत शिळ्या कोथिंबिरीसारखी दिसंल. स्पॉन्सरला सांग "लांबनं फोटो बघितला तरी कळंल" पण शोरूम नव्हं, भाजी मंडई कळंल.

चॉकलेटी पण सोपा नाही हां, ते पण सांगतो. मशीनचं टेंपरेचर जरा हललं की शेड बदलतो, एका सेटमध्ये दोन जर्सी लालसर आणि एक काळपट असं झालंय माझ्या हातनं. तुमच्या टीमचा सेट आला की मी पहिला तुकडा छापून उन्हात नेऊन बघतो आणि मगच पुढचं लावतो. (तुमचा सेट माझ्याकडंच येतो असं मी म्हणत नाही 😄)

आणि गोलकीपर? त्याला दोन्ही टीमपेक्षा आणि रेफरीपेक्षा वेगळा रंग लागतो, नियमच आहे. आपल्याकडं निम्म्या टीमांचे गोलकीपर आत्ताच निऑन घालतात. म्हणजे कीपर सोडून दहाच्या दहा निऑनमध्ये आले की समोरच्या गोलकीपरनं काय घालायचं? प्रत्येक मॅचला बिब, म्हणजे जर्सीवरनं घालायचं जाकीट, मागत फिरायला लागंल.

रंकाळा_बॅक

रंग दिसण्यावरनं आठवलं, मँचेस्टर युनायटेडनं एप्रिल १९९६ ला साउदॅम्प्टनला करड्या रंगाची जर्सी घातली होती. हाफटाइमला ३-० मागं. मॅनेजर फर्ग्युसननं सगळ्यांना जर्सी बदलायला लावली, दुसऱ्या हाफला निळ्या-पांढऱ्यात आले, ३-१ नी हरले. पोरं म्हणाली गर्दीत आपलाच माणूस दिसत नव्हता. तो करडा परत कधी घातला नाही. हरल्यावर कारण सांगायचं असलं तर ह्याच्यापेक्षा भारी कारण अजून कुणाला सुचलेलं नाही.

दहा_नंबर_आकाशी

आमच्या टीमचा कीपर दरवर्षी सूर्याचं कारण सांगतो. ढग असले तरी.

पुण्यात_अडकलोय

कुणी साल्झबुर्ग काढलं नाही अजून? ऑस्ट्रियातला क्लब, १९३३ चा, जांभळा-पांढरा. २००५ ला रेड बुलनं घेतला. नाव बदललं, बिल्ला बदलला, रंग लाल-पांढरा, वर सुरवातीला सांगत होते की हा नवा क्लब आहे, मागचा इतिहास नाही. फॅन बोलणी करायला गेले, काही महिने बैठका चालल्या, की बाबा थोडा तरी जांभळा ठेवा. शेवटी कंपनीनं काय देऊ केलं, तर गोलकीपरचे मोजे. गोलकीपरचे मोजे जांभळे ठेवतो म्हणाले!

बैठक मोडली. जांभळ्यावाल्यांनी जुन्या नावानं स्वतःचा क्लब काढला आणि एकदम तळातल्या सातव्या डिव्हिजनपासनं खेळायला लागले. तिथं गावठी मैदानांवर पण त्यांच्या मागं पब्लिक असायची. चढत चढत २०१५ ला दुसऱ्या डिव्हिजनपर्यंत आले.

पण खरं ते पण सांगतो. लाल टीम पुढं लीगवर लीग जिंकली, हालंडसारखा मोठा स्ट्रायकर तिथं खेळून पुढं गेला. त्यामुळं मीटिंगमध्ये "रंग बदलला की टीम हरते" असलं काही बोलू नको, कुणीतरी मोबाइल काढून दाखवंल आणि तुझी वाट लागंल. हरतीलच असं नाही. जिंकतील पण. प्रश्न एवढाच की जिंकल्यावर गुलाल कुठल्या तालमीच्या दारात उधळायचा.

पिवळा_ब्राझील

युव्हेंटस पण घाला यादीत, ते आधी गुलाबी घालायचे, धुऊन धुऊन फिकट पडल्या म्हणून १९०३ ला इंग्लंडवरनं नवा सेट मागवला तर नॉट्स काउंटीच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या जर्सी आल्या. तेच चिकटलं. आणि २०१९ ला त्याच पट्ट्या काढल्या तर इटलीत गदारोळ, एका वर्षात परत आणल्या. बार्सिलोनानं पण त्याच वर्षी चौकटी केल्या, माझ्या भावानं हौसेनं घेतली आणि पोरं त्याला बघून "क्रोएशिया आला" म्हणायची, आता ती जर्सी गाडी पुसायला आहे.

सेक्रेटरी_होतो_कधीतरी

बरं, सगळे एका बाजूला झालाय तर काम करण्यासारखं सांगतो. नुसतं नको म्हणून उठू नका. नको म्हणणारा माणूस मीटिंगमध्ये दोन मिनिटांत एकटा पडतो. स्पॉन्सरला काय देता येतं त्याची यादी घेऊन जा. छातीवर लोगो मोठा. प्रॅक्टिस किट अख्खं त्याच्या रंगात, पोरं रोज सकाळी गल्लीतनं त्याच रंगात पळत जातील, वर्षभर जाहिरात, मॅच तर सीझनला मोजक्याच. बाकावरच्या पोरांचे बिब त्याचे. गणपतीत कमान त्याची. आणि कुणाचं बघून ठरवायचं असलं तर मतं घ्या, पण ज्यांनी वर्गणी दिली त्यांचीच, फेसबुकवर नको, तिथं पंढरपूरचा माणूस पण मत देतोय.

आणि मीटिंगमध्ये पहिलं वाक्य बुटांचं बोल. आमच्या पोरांना बूट पाहिजेत, मी पण मान्य करतो, असं. मग रंगावर ये. नाहीतर पोरं तुझं ऐकणारच नाहीत, त्यांना वाटंल हा नोकरीवाला, ह्याचे बूट शाबूत आहेत.

चॉकलेटी_विंग

दादा, हे शेवटचं लागलं. खरंय ते.

स्टँडवरचा_आजा

वडलांना मीटिंगला ने. ती जर्सी पन ने. बोलू नगो, नुसती टेबलावर ठेव.

टेलरचा_पोरगा

आजा, एवढं सिनेमावानी नको.

चॉकलेटी_विंग

अपडेट देतो, सोमवार आहे, झोप झालेली नाही.

मीटिंग साडेबारापर्यंत चालली. जर्सी नेली नाही, वडील आले पण मागच्या खुर्चीवर बसले आणि एक शब्द बोलले नाहीत. बुटांपासनं सुरवात केली, लेफ्ट बॅक लगेच मान हलवायला लागला, तिथंच निम्मं काम झालं. टेलरवाल्याचं पोपटी आणि गोलकीपरचं सांगितलं, ते पोरांना पटलं, कार्डिफच्या चॉकलेटीवर अध्यक्ष म्हणाले "असं असतंय व्हय" आणि परत तेच दोनदा म्हणाले. तागा निम्म्यात मिळाला हे सांगितल्यावर मात्र म्हातारी मंडळी माझ्यावरच उखडली, तालमीची अब्रू काढली म्हणून. अर्धा तास त्यातच गेला, तागा निम्म्यात का पाऊण किमतीत ह्याच्यावर.

मग अकराच्या सुमाराला स्पॉन्सर स्वतः आला. माणूस वाईट नाही, खरंच सांगतो, येताना सगळ्यांना भडंग घेऊन आला. सगळं ऐकून घेतलं. प्रॅक्टिस किट, बिब, कमान, सगळी यादी वाचून दाखवली. तो जरा विचार करत बसला आणि म्हणाला, "तसं असंल तर एक करा, मोज्यांना ठेवा की तुमचा चॉकलेटी."

हा धागा वाचणारे तालमीत आम्ही तिघं होतो. तिघं एकदम असे हसलो की एकाच्या तोंडातला भडंग समोरच्याच्या वहीवर. स्पॉन्सरला कळंना काय झालं, अध्यक्ष आमच्यावर ओरडले, मग त्यांना साल्झबुर्ग सांगायला लागलं, मग स्पॉन्सर पण हसला. "गोलकीपरचेच मोजे म्हणले व्हते?" म्हणून त्यानं दोनदा विचारलं. कसंतरी वातावरण हलकं झालं.

सध्याचं ठरलंय ते असं: मॅचची जर्सी चॉकलेटी-पिवळी राहणार, छातीवर त्याचा लोगो. प्रॅक्टिस किट आणि दुसरा सेट निऑन. पण त्यानं रक्कम कमी केली, जवळजवळ निम्मी. बुटांचं बसतंय त्यात, बाहेरचे दोन प्लेअर बसत नाहीत. एकच आणायचा, का गल्लीतल्याच दोघांना वर घ्यायचं, ह्याच्यावर आता नवीन भांडण चालू झालंय आणि ते रंगापेक्षा मोठं आहे.

येताना वडिलांना गाडीवर बसवलं, मिरजकर तिकटीपर्यंत काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पाऊण किमतीतच घेतला हुता तागा. मीच गेलतो आणायला."

रंकाळा_बॅक

आणि हे त्यांनी मीटिंगमध्ये सांगितलं नाही??

चॉकलेटी_विंग

नाही ना.

टेलरचा_पोरगा

दुसऱ्या सेटचं फ्लोरोसंट का साधं ते लवकर कळवा, शाई मागवायला आठ दिवस जातात.